लिलावातील पेटी

मोठ्या शहरांत सामान ठेवण्यासाठी भाड्याच्या खोल्या मिळतात. भाडे थकले, की आतील वस्तू लिलावात निघतात. अमेरिकेतील शिकागो शहरी २००७ साली अशाच सामानाचा लिलाव झाला. जॉन मलूफ या तरुणाने छायाचित्रांच्या निगेटिव्हांची एक पेटी सुमारे ४०० डॉलरांस घेतली. शहराच्या एका भागावरील पुस्तकासाठी त्यास चित्रे हवी होती. त्या कामी ती उपयोगी पडली नाहीत. तथापि त्याने पेटी टाकून दिली नाही. रस्त्यावरील मुले, वृद्ध व गरीब माणसे यांची ती चित्रे पाहून तो थक्क झाला.

ती टिपणारी स्त्री होती व्हिव्हियन मायर. लोकांची मुले सांभाळून ती पोट भरी. फावल्या वेळी तिने लक्षाहून अधिक छायाचित्रे घेतली. परंतु ती फारशी कोणास दाखविली नाहीत. मलूफला तिचा शोध लागला, तो २००९ साली तिच्या मृत्यूच्या वार्तेतून! लिलाव झाला तेव्हा ती हयात होती. पुढे २०११ साली शिकागोत तिच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. ते पाहावयास ती मात्र नव्हती.

लिलावात वस्तूची किंमत बोलीने ठरते. तिचे मोल मात्र पारखी दृष्टीलाच कळते. आणि स्वस्तात लाभलेल्या वस्तूमागे कधी कधी एखाद्याचे सारे आयुष्य असते.