आकडा कशाचा, ते आधी विचारा

अलिबाग, लोणावळा, कर्जतकडच्या बंगल्यांत स्विमिंग पूल बांधला की पंपाच्या खोलीत पाणी तपासायचं एक किट येतंच. बहुधा ते सगळ्यांत स्वस्त असतं. त्यात दोन नळ्या असतात, एक क्लोरिनची आणि एक पीएचची. माझं सांगणं एवढंच आहे की किटची किंमत विचारण्याआधी ते नेमकं काय मोजतं ते विचारा. अर्धवट मोजणाऱ्या किटमुळे घरचे निर्धास्त होतात आणि त्या भरवशावर लहान मुलं पाण्यात उतरतात.

स्वस्त किटमध्ये क्लोरिनसाठी ऑर्थोटोलिडीन असतं. त्याचा पिवळा रंग एकूण क्लोरिन दाखवतो, पण जंतू मारायचं काम मुख्यतः मुक्त क्लोरिन करतो. घाम आणि लघवी यांच्याशी संयोग पावलेल्या क्लोरिनची क्लोरामाइन्स होतात. त्यांची जंतू मारण्याची ताकद फारच कमी असते, वर डोळे चुरचुरतात. पुलाजवळ येणारा उग्र वासही बहुतेक त्यांचाच असतो. असं बिघडलेलं पाणीसुद्धा नळीत छान पिवळं दिसतं. म्हणून डीपीडी किट घ्यावं. त्याचा गुलाबी रंग मुक्त क्लोरिन वेगळा दाखवतो. मात्र क्लोरिन फारच जास्त असेल तर हा गुलाबी रंगही उडून जातो आणि नळी कोरी दिसते. तो शून्य समजून कुणी आणखी क्लोरिन ओतला तर धोका वाढतो. शंका आली तर नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा तपासावं आणि येणारा आकडा दुप्पट धरावा. रंग जाईपर्यंत थेंब मोजायचं डीपीडी किट मिळालं तर उत्तमच, कारण त्यात छटा जुळवाव्या लागत नाहीत.

नुसता क्लोरिन मोजूनही भागत नाही. पीएच ७.२ असताना मुक्त क्लोरिनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतुनाशक रूपात असतो, तर ८ ला जेमतेम पाव. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा. तिसरी तपासणी सायन्युरिक अॅसिडची, आणि आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते. पुलात टाकायच्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अॅसिड) गोळ्यांतला क्लोरिन खर्च होतो, पण त्यांतून येणारं सायन्युरिक अॅसिड पाण्यातच साठत जातं आणि क्लोरिनचा जोर कमी करतं. फिल्टर ते काढत नाही, काही पाणी बदलावंच लागतं. टँकरच्या पाण्यावर चालणारे पूल महिनोन्महिने तेच पाणी फिरवतात, त्यांना ही तपासणी टाळून चालणार नाही. साधारण ३० ते ५० पीपीएमच्या पुढे ते जाऊ देऊ नये. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला मुक्त क्लोरिन किमान १ पीपीएम ठेवण्याचा आहे, पण हे अॅसिड असेल तर किमान २.

पाणी नितळ आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. नितळपणा गाळणीचा गुण आहे, आणि जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. डिजिटल पेन आहे म्हणाल, तर टीडीएसचा पेन विरघळलेले क्षार मोजतो, क्लोरिन नव्हे. पीएचचा पेन बफर द्रावणाने वेळोवेळी जुळवला नाही तर चुकतो. पट्ट्या सोयीच्या खऱ्या, पण कोकणच्या पावसाळ्यात डबी उघडी राहिली की दमट हवेने त्या निकामी होतात. पूलवाला दर आठवड्याला येतो, हेही पुरेसं नाही. कडक ऊन, मुसळधार पाऊस किंवा पाहुण्यांची गर्दी यांनी एका दिवसात आकडे बदलतात.

वापरतानाही शिस्त हवी. पाणी येण्याच्या नळापासून दूर, कोपरभर खोलीवरून नमुना घ्यावा. नळी आधी त्याच पाण्याने विसळावी, थेंबाची बाटली उभी धरावी आणि रंग दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर लगेच वाचावा. तपासलेलं पाणी पुलात परत ओतू नये. रसायनांची मुदत पाहावी आणि ती उन्हात ठेवू नयेत. प्रत्येक आकडा तारखेसह वहीत लिहावा. पूलवाल्याने आणखी रसायन टाकायला सांगितलं की ती वही त्याच्यापुढे ठेवून कारण विचारता येतं, आणि पाण्यात कुणी उतरायचं की नाही, हेही त्या वहीवरूनच ठरवावं.