परसातील गादीवाफे

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, विशेषतः शहादा व तळोदा तालुक्यांत, जमीन काळी व भारी आहे. पावसाळ्यात तीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही व मिरची-वांग्यांची कोवळी रोपे मरतात. यास्तव परसात गादीवाफे करावेत. वाफा १ मीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे आत पाय न ठेवता खुरपता येते. त्यात माती व कंपोस्ट समभाग भरावे. कंपोस्ट काळसर, भुसभुशीत व दुर्गंधीरहित असावे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी येते. मेथी, पालक, मिरची लावून कडेने झेंडू लावावा. त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमींना आळा बसतो. अशा रीतीने घरच्या मुलांना पावसाळ्यातही ताजी भाजी मिळेल.