दिनविशेष : ७ नोव्हेंबर

त्रिशरण-पंचशीलानंतर परिपाठात दिनविशेष वाचण्याचा प्रघात आपल्या विद्यालयात आहे. कोणत्याही तारखेस जगात काही ना काही घडलेले असतेच. त्यामुळे यादी सहज लांबते आणि दुपारपर्यंत विस्मरणात जाते. तारखेला प्रश्न विचारले, तरच ती काही शिकविते. म्हणून ७ नोव्हेंबर हा एकच दिवस येथे तपासून पाहू.

१८६२ साली या दिवशी बहादूरशहा जफर रंगूनच्या बंदिवासात मरण पावले. १८६७ मध्ये मेरी क्यूरी आणि १८८८ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्म झाला. १९०५ मध्ये केशवसुत निवर्तले. क्यूरींच्या रेडियम संशोधनातून कर्करोगावरील उपचाराची वाट खुली झाली, म्हणून भारतात हाच दिवस राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन म्हणून पाळतात. १९१७ ची रशियन राज्यक्रांतीही याच दिवसाची. तरी तिला ‘ऑक्टोबर क्रांती’ म्हणतात. कारण रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि ती तेरा दिवस मागे असल्याने तेथे २५ ऑक्टोबर होता. तारीख ही माणसांनी ठरविलेली खूण आहे, हे यावरून ध्यानात येते. धम्मचक्र प्रवर्तन दिन आपल्यातही कोणी १४ ऑक्टोबरला, तर कोणी अशोक विजयादशमीला साजरा करतात. १९५६ साली ही तारीख आणि ही तिथी एकाच दिवशी आली होती.

आपल्यासाठी या तारखेचे महत्त्व साताऱ्याच्या एका शालेय नोंदवहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात नऊ वर्षांच्या ‘भिवा रामजी आंबेडकर’ या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. नोंदीचा क्रमांक १९१४. या प्रवेशाच्या स्मरणार्थ २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. नोंदवही नाव, क्रमांक आणि तारीख सांगते. हा मुलगा वर्गात एका कोपऱ्यात वेगळा बसे, बसण्यासाठी घरून गोणपाट आणी, शिपायाने नळ सोडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नसे, हे नोंदवही सांगत नाही. ते बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले म्हणून आपणांस कळले. नोंद असल्यामुळे दिवस मिळाला. लिहिले गेल्यामुळे त्या दिवसाचा अर्थ मिळाला.

आता आपल्या घरातील कागद पाहू. आमच्या आणि आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी जणांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख ‘१ जून’ आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई, आईवडिलांना मुलाची तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजी अंदाजाने वयात बसेल अशी तारीख लिहून टाकीत. दरवर्षी १ जूनला व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि आपण हसतो. पण ज्यांच्या जन्माची वेळ टिपून ठेवायला दारी पंचांग नव्हते, घरी अक्षर नव्हते, त्यांच्या आयुष्यातील पहिली लिखित तारीख शाळेने दिली, हेही त्या हसण्यामागे आहे. तारीख खोटी असेल. प्रवेश खरा होता.

खरा काळ शोधण्याचा मार्ग मात्र अजून खुला आहे. आपल्या आयाबाया साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात: बाबासाहेब गेले त्या हिवाळ्यात (६ डिसेंबर १९५६), कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पोटात होता (११ डिसेंबर १९६७), दुष्काळात खडी फोडायला जायचो तेव्हा पाळण्यात होती (१९७२). या खुणा जुळविल्या की वर्ष निश्चित होते, क्वचित महिनाही.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे सांगणे एवढेच, की येत्या ७ नोव्हेंबरला घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. घरातले पहिले मूल शाळेत कोणत्या साली गेले, कोणत्या गावी, कोणी नेऊन घातले आणि वर्गात कोठे बसविले, हे विचारून लिहावे. कळव्याच्या चाळींत दूरदूरच्या गावांहून आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या या कहाण्या अद्याप कोणत्याही नोंदवहीत नाहीत. मुलांनी त्या लिहून आणल्या, तर परिपाठात त्याही दिनविशेष म्हणून वाचल्या जातील.