जोड लावण्याआधी

माझा धंदा मोटरी भरण्याचा. कुंडल-पलूस पट्ट्यात उसाच्या पंपाची मोटर जळली की ती माझ्या टेबलावर येते. जळकी तार उपटायची, खाचा साफ करायच्या, कागद घालायचा, नव्या कॉईल बसवायच्या, वॉर्निश मारून सुकवायची. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. तारेचा गेज, वेढे आणि ओहम यांचं नातं माझ्या बोटांत बसलंय. तरीही तारेच्याच एका गोष्टीपायी मी 24,000 रुपये नको तिथे घातले. ते पैसे माझ्या मुलीच्या तंबोऱ्यासाठी ठेवलेले होते. पुन्हा कुणाचे असे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

गाण्याचं वेड वडिलांकडून आलं. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं, तिथे ते मला लहानपणी घेऊन जायचे. आमच्या शेजारच्या पलूसचं नाव ज्यांच्या आडनावात आहे, ते विष्णु दिगंबर पलुसकरही मिरजेतच बाळकृष्णबुवांकडे शिकले. या मुलखात गाणं ऐकायला आलिशान दिवाणखाना लागत नाही. पण दिवसभर दुकानात ग्राइंडरचा आवाज, आणि रात्री घरात सगळे झोपलेले. म्हणून मी हेडफोनकडे वळलो.

2016 साली पैसे साठवून बायरडायनॅमिकचा डीटी 880 घेतला. ही जर्मनीतल्या हाइलब्रॉनची कंपनी. 1937 साली तिने डीटी 48 नावाचा हेडफोन काढला, तेव्हापासून याच कामात आहे. डीटी 880 हा एकच हेडफोन तीन आवृत्त्यांत मिळायचा, 32, 250 आणि 600 ओहम. सांगाडा तोच, गाद्या त्याच, फरक आतल्या कॉईलच्या तारेत. मी 250 चा घेतला आणि सहा वर्षं सुखाने ऐकला.

पण 600 ओहमची गोष्ट कानावर येत राहिली. त्याची तार केसाहून बारीक, म्हणून कॉईल हलकी, म्हणून पडदा चपळ, म्हणून आवाज निर्मळ. हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. तारेचाच माणूस असल्यामुळे मला ते लगेच पटलं. 2022 मध्ये साखर कारखान्याकडून उसाची पहिली उचल जमा झाली. त्यातले पैसे मिरजेला तंबोरा सांगण्यासाठी बाजूला काढले होते. घरची म्हणाली, "अहो, पोरीचं आधी बघा." मी म्हटलं, पुढच्या हप्त्यात बघू. पुढच्या हप्त्यातून खताची उधारी फिटली. मुलीने आणखी सव्वा वर्ष मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर रियाज केला.

नवा हेडफोन आला त्या रात्री मी दोन्ही जुन्या स्टीरिओ अॅम्प्लिफायरवर लावून पाहिले. आधी जुना ऐकला. मग तो काढून नवा लावला. 600 ओहमला जास्त जोर लागतो हे ठाऊक होतं, म्हणून नॉब आधीच थोडा वर नेऊन ठेवला. फरक थक्क करणारा होता. खर्ज बांधीव, तंबोऱ्याचा झंकार मोकळा, तबल्याची शाई जणू हाताला लागावी अशी. मी चार जणांना फोन करून सांगितलं. एकाने माझ्या शब्दावर आपला 250 विकायचं ठरवलं. हे आठवलं की आजही मला अपराधी वाटतं.

महिन्याभराने माझ्या जुन्या हेडफोनला गिऱ्हाईक आलं. सहा वर्षांत गाद्या दबून चपात्या झाल्या होत्या. अशी वस्तू कुणाच्या हातात देऊ नये म्हणून नव्या मखमली गाद्या मागवून चढवल्या. चालतोय ना, एवढंच बघायला कानाला लावला. खर्ज बांधीव होता. झंकार मोकळा होता. ज्यासाठी मी 24,000 मोजले होते तो बहुतेक सगळा फरक त्या गाद्यांसोबत जुन्याच हेडफोनमध्ये आला होता. बराच वेळ मी तसाच बसून राहिलो.

गादी ही निव्वळ आरामाची वस्तू नाही. कान आणि पडदा यांच्यात किती अंतर राहील, कडेने किती हवा निसटेल, हे गादी ठरवते, आणि त्यावर खर्जाचा भरणा आणि वरच्या सुरांचा तोल अवलंबून असतो. गादी रोज थोडी थोडी बसते, त्यामुळे आपल्याला ते जाणवतच नाही. सहा वर्षांचा जुना हेडफोन आणि काल आलेला नवा समोरासमोर ठेवले की आपण दोन आवृत्त्या ऐकत नसतो. दबलेली गादी आणि ताजी गादी ऐकत असतो.

उरलेला फरक कुठून आला ते बघायला मग मी अॅम्प्लिफायर उघडला. हेडफोनच्या खोबणीआधी मालिकेत एक रेझिस्टन्स होता, त्यावर नारिंगी, नारिंगी, तपकिरी पट्टे. म्हणजे 330 ओहम. जुन्या स्टीरिओंमध्ये असं पुष्कळदा असतं. स्पीकरच्याच आउटपुटमधून एका रेझिस्टन्समधून हेडफोनला वाट दिलेली असते. आता हिशोब बघा. 330 च्या पुढे 250 जोडला तर त्याच्या वाट्याला एकूण व्होल्टेजचा 0.43 हिस्सा येतो, 600 जोडला तर 0.65. म्हणजे माझ्या अॅम्प्लिफायरवर 600 वाला जवळजवळ 250 वाल्याइतकाच मोठा वाजत होता. त्याला जास्त जोर लागत नव्हता, आणि मी मात्र नॉब वर नेऊन ठेवला होता. नवा हेडफोन चांगला वाजला त्यात मोठा वाजण्याचा वाटा बराच होता.

एखादा डेसिबल जास्त असला तर कानाला आवाज मोठा झाला असं वाटत नाही. जास्त भरलेला, जास्त स्पष्ट, जास्त जवळचा झाला असं वाटतं. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि आवाज वाढला की तो भरून येतो. बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून मांडलं. आजही प्रत्येक दुकानात, प्रत्येक घरात हेच होतं. जो हेडफोन किंचित मोठा वाजतो, तो जिंकतो.

आमच्या कुंडलच्या कुस्ती मैदानात जोड लावताना जाणती माणसं आधी पैलवानांची वजनं बघतात, तयारी बघतात. ऐंशी किलोच्या पोराला साठ किलोच्या पोरावर सोडून, बघा हा किती ताकदीचा, असं कुणी म्हणालं तर त्याला मैदानात उभं करणार नाहीत. आणि मी मात्र रात्री एकटा बसून तेच केलं होतं.

दुकानातला माझा अनुभव मला आधी आठवायला हवा होता. मोटरच्या त्याच खाचेत बारीक तार भरली की वेढे जास्त बसतात. वेढे दीडपट झाले तर ओहम सव्वादोनपट होतात, म्हणजे वेढ्यांच्या वर्गाने वाढतात. पण तांब्याचं वजन तेवढंच राहतं, कारण जागा तेवढीच आहे. फरक एवढाच की मोटर आता जास्त व्होल्टेज आणि कमी अँपिअरवर तेच काम करते. जास्त व्होल्टेजची मोटर जास्त गोड पाणी ओढते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला समजावून परत पाठवलं असतं. हेडफोनच्या कॉईलचंही तत्त्व हेच. तार बारीक म्हणून कॉईल हलकी, हे जागा आणि तांबं तेवढंच असताना मुळातच बसत नाही. या हेडफोनच्या माहितीपत्रकात 1 मिलिवॅटला 96 डेसिबल असा एकच आकडा तिन्ही आवृत्त्यांसाठी होता. मी तो वाचला होता आणि पुढे गेलो होतो.

त्यानंतर मी नीट जोड लावली. कसं केलं ते सविस्तर सांगतो, कारण तेच उपयोगाचं आहे.

पहिल्यांदा दोन्ही हेडफोनला एकाच दिवशी आणलेल्या नव्या गाद्या लावल्या. मग 330 वाला अॅम्प्लिफायर बाजूला ठेवून, ज्याच्या आउटपुटला जवळजवळ शून्य रेझिस्टन्स आहे असा छोटा हेडफोन-अॅम्प्लिफायर एका ओळखीच्याकडून मागून आणला. मोबाईलवर 300 हर्ट्झचा एकच सूर लावला. साधा मल्टिमीटर एवढ्या कंपनसंख्येचं एसी व्होल्टेज बरोबर दाखवतो, हजारोंच्या पुढे मात्र त्यावर भरवसा ठेवू नका. हेडफोन जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजायचं. 250 ओहमला 0.5 व्होल्ट दिले की 1 मिलिवॅट होतो, 600 ला त्याच 1 मिलिवॅटसाठी 0.775 व्होल्ट लागतात. हा 0.775 जुन्या टेलिफोनवाल्यांना पाठ असतो, त्यांच्या 600 ओहमच्या लाईनचं माप तेच होतं. पण 96 डेसिबल ही कानावर घ्यायची पातळी नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तासांसाठी 80 डेसिबलची मर्यादा सांगते. म्हणून मी दोन्ही आकड्यांचा पाचवा हिस्सा धरला, 0.1 आणि 0.155 व्होल्ट, आणि नॉबवर दोन खुणा केल्या. आवृत्त्यांचे ओहम सारखे असतील आणि बाकी बनावटही तीच असेल तर एवढाही हिशोब नको, व्होल्टेज सारखं ठेवलं की झालं. दोन वेगळ्या बनावटीचे हेडफोन असतील तर मात्र व्होल्टमीटर पुरत नाही, छोटा माइक लागतो.

मग डोळ्यांवर पंचा बांधून बसलो. मुलगी नाणं उडवायची आणि छापा पडला तर एक, काटा पडला तर दुसरा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवायची, नॉब खुणेवर आणायची. प्रत्येक वेळी हेडफोन पूर्ण काढून पुन्हा बसवायचा, हे तिचंच डोकं. ते मोलाचं निघालं, कारण तोच हेडफोन दोनदा चढवला तरी कानावर बोटभर इकडेतिकडे बसतो आणि वरचे सूर बदलतात. आवृत्त्यांमधला म्हणून सांगितला जाणारा कितीतरी फरक या बोटभर सरकण्याचाच असतो. ऐकायला तंबोऱ्याचं आजचं, स्वच्छ ध्वनिमुद्रण घेतलं. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या माझ्या जिवाच्या आहेत, पण त्यांत वरचे सूर मुळात उतरलेलेच नाहीत. हेडफोनची परीक्षा त्यांच्यावर घेता येत नाही. प्रत्येक ऐकणं वीस सेकंदांचं ठेवलं. आवाजाचा नेमका पोत आपल्या लक्षात काही सेकंदच टिकतो, त्यापुढे आपण आठवणीतल्या शब्दांची तुलना करत बसतो.

बारा फेऱ्या केल्या. सात वेळा बरोबर ओळखलं, पाच वेळा चुकलो. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

मग आवृत्त्यांमध्ये फरक नसतोच का? असतो, आणि कधी मोठा असतो. झेनहायझरचा एचडी 800 हा 2009 चा हेडफोन. त्यात 6 हजार हर्ट्झच्या आसपास आवाज उसळायचा, काहींच्या कानाला तो टोचायचा. 2016 च्या एचडी 800 एस मध्ये पडद्याच्या मध्याजवळ आवाज शोषणारी छोटी पोकळी बसवली आणि ती उसळी खाली आली. इथे काय बदललं, कुठे बदललं आणि त्याने काय व्हावं, हे तिन्ही सांगता येतं. नवी आवृत्ती घ्यायला निघालेल्या माणसाने हेच तीन प्रश्न धरून बसावं. पडदा बदलला का, पोकळी बदलली का, गादीचा आकार वा कापड बदललं का? उत्तरात नुसतं "अधिक मोकळा, अधिक जिवंत" असं येत असेल तर पैसे खिशात ठेवावेत. किमतीवरूनही काही ठरत नाही. 2017 साली अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात 283 हेडफोनांच्या मोजणीचा अभ्यास आला. त्यांच्या आवाजाचा तोल आणि किंमत यांच्यात काही नातं सापडलं नाही.

तंबोरा शेवटी 2024 मध्ये सांगितला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते हेच वर्ष. फरीदसाहेबांपासून चालत आलेली ही कला, आणि ते मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने आमच्यासमोर जवारी काढली, म्हणजे तारांचा झंकार जुळवला. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. त्यांनी आधी चारी तारा सुरात आणल्या. तार सुरात नसेल तर जवारीचं काही बोलूच नये, असं ते म्हणाले. मग घोडीवरचा दोरा तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल इतका सरकवला, तार छेडली, लगेच परत आणला, पुन्हा छेडली. मुलीकडे बघून विचारायचे, "आता? आणि आता?" दोन छेडण्यांमध्ये एक श्वासही जात नव्हता. सुताएवढ्या दोऱ्याने तिथे आवाज फुलायचा आणि मिटायचा. माझ्या हेडफोनांवर जे मला पैसे गेल्यावर सुचलं, ते त्यांच्या हातांत पिढ्यांपासून होतं. बाकी सगळं सारखं करायचं, एकच गोष्ट हलवायची, आणि कान विसरायच्या आत ऐकायचं.

600 ओहमचा हेडफोन मी विकला नाही. विकताना त्याच्याबद्दल खरं सांगावं लागेल आणि खरं सांगितलं तर जास्त पैसे येणार नाहीत, म्हणून दोन्ही घरात आहेत. ज्याला मी फोन करून भरीला घातलं होतं, त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तो रागावला नाही. "आधी गाद्या बदलायला हव्या होत्या," एवढंच म्हणाला.

गेल्या महिन्यात पलूसचा एक तरुण दुकानात आला. हातात एकाच नावाच्या हेडफोनचे दोन डबे होते, एक तीन वर्षांचा आणि एक नव्या आवृत्तीचा. नवा कितीतरी भारी आहे, जुना विकायचाय, गिऱ्हाईक असेल तर सांगा म्हणाला. मी त्याच्या जुन्या गादीवर अंगठा दाबला, ती वर आलीच नाही. बाजूला एक मोटर वॉर्निश वाळायला ठेवली होती. टेबलावर जागा केली, मल्टिमीटर काढला, त्याला फोन चार्जिंगला लावायला सांगितलं आणि विचारलं, नवा परत करायची मुदत किती दिवसांची आहे. तो म्हणाला, अजून चार दिवस आहेत.

गाद्या आम्ही त्याच संध्याकाळी मागवल्या.