माणसाचे चित्र

चित्रात राजे-राण्या किंवा निसर्गशोभाच असावी, असा पुष्कळांचा समज असतो. सुधीर पटवर्धन यांनी मात्र गिरणीकामगार, आगगाडीचे उतारू, चहाच्या दुकानातली माणसे रंगविली. १९४९ साली पुण्यात जन्मलेले हे चित्रकार व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. २००५ पर्यंत त्यांनी ठाण्यात काम केले. क्ष-किरणांतून हाडे पाहावयाची आणि उरल्या वेळी रंगांनी मांस, कातडी, थकवा चितारावयाचा! ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) पासून ‘लोअर परळ’ (२००१) पर्यंत त्यांनी माणूस सोडला नाही. त्यांचा कामगार कोणाची दया मागत नाही; देहाच्या पुऱ्या वजनानिशी तो समोर असतो.

एकदा वर्गात मी घंटा देणाऱ्या शिपाईमामांचे चित्र काढावयास सांगितले. घंटा सर्वांनी हुबेहूब काढली. मामांचा चेहरा कोणालाच आठवेना.