ज्याचा घास त्याला

दिवाळी झाली, की पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानावरील धनगरांचे वाडे कोकणाची वाट धरतात. मेंढ्यांचा कळप, त्याच्या राखणीची कुत्री, संसार पाठीवर वाहणारी घोडी आणि करंडीतून डोकावणाऱ्या कोंबड्या असा तो मेळा असतो. वाटेतील शेतकरी त्यांना आपल्या मोकळ्या रानात मेंढ्या बसविण्यास बोलावतात, कारण लेंडीखताने जमीन सकस होते. शेजारी शेतकऱ्याचा गोठा असतो. अलीकडे काही ठिकाणी त्याला लागून कुक्कुटपालनाची शेडही दिसते. अशा रीतीने अनेक जातींचे प्राणी एकाच आवारात रात्र काढतात. आसरा एक असला, तरी त्या सर्वांचा घास मात्र एक नसतो.

पूर्वी या भेदाची फारशी चिंता करावी लागत नसे. गोठ्यात सांडलेले जोंधळ्याचे दाणे कोंबडीने टिपले, किंवा कोंबडीपुढील थोडी भरड शेळीने चाटली, तरी त्यापासून सहसा अपाय होत नसे. आता बाजारात तयार खाद्याची पोती मिळतात. त्यांपैकी काहींत धान्य व पेंड यांबरोबर औषधेही मिसळलेली असतात. असे खाद्य दिसण्यात साध्या भरडीसारखेच असते. त्यातील औषध नजरेला दिसत नाही आणि धोका नेमका येथेच आहे.

खाद्यात औषध घालण्याचे कारण काय? कोंबडीच्या पिलांना रक्ती हगवण नावाचा रोग होतो. डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय परोपजीवी पिलांच्या आतड्यात शिरून वाढतात. शेडमध्ये दाटीने राहणाऱ्या पिलांत हा रोग झपाट्याने पसरतो व असंख्य पिले दगावतात. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाणूपासून शास्त्रज्ञांनी मोनेन्सिन नावाचे द्रव्य मिळविले आणि १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. अमेरिकेत १९७१ साली कोंबड्यांच्या आणि १९७५ साली गुरांच्या खाद्यात ते घालण्यास मान्यता मिळाली. मोनेन्सिन सोडियमच्या कणांना पेशीच्या आवरणातून आत नेते. परोपजीवीच्या पेशीत सोडियम वाढले, की तीत पाणी शिरते. ती फुगते आणि फुटते. पिलू मात्र वाचते.

परंतु हेच द्रव्य घोड्याच्या पोटात गेले, तर ते त्याच्या हृदयाच्या स्नायूंतील पेशींवर तसाच आघात करते. कोंबडीचे शरीर या द्रव्याचा लवकर निचरा करते. घोड्याचे यकृत ते काम फार सावकाश करते. म्हणून कोंबडीला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे २०० मिलिग्रॅम मोनेन्सिन मारक ठरते, तर घोड्याला २ ते ३ मिलिग्रॅम पुरते.

येथे थोडे गणित करून पाहू. समजा, घोड्याचे वजन ३०० किलोग्रॅम आहे. त्याला ६०० ते ९०० मिलिग्रॅम मोनेन्सिन मारक ठरेल. कोंबड्यांच्या एक किलोग्रॅम खाद्यात ते साधारणपणे १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे भुकेल्या घोड्याने फुटक्या पोत्यातील ६ ते ९ किलोग्रॅम खाद्य खाल्ले, तर त्याच्या प्राणावर बेतेल. खाद्यात मिसळण्याची मूळ भुकटी तर याहून पुष्कळ तीव्र असते. जिच्यात शेकडा १० भाग मोनेन्सिन आहे, अशा भुकटीचे ६ ते ९ ग्रॅम, म्हणजे एकदोन चमचेच, त्यास पुरेसे आहेत.

विषबाधा झालेला घोडा खाणे सोडतो, त्याला दरदरून घाम येतो, मागचे पाय लटपटतात आणि अखेर हृदय थकते. या विषावर उतारा नाही. जो घोडा वाचतो, त्याचे हृदयही कधी कधी कायमचे दुबळे होते. असा घोडा पुढे ओझे वाहताना एकाएकी कोसळू शकतो.

हा धोका केवळ घोड्यापुरता नाही. सॅलिनोमायसिन हे याच वर्गातील औषध कोंबड्यांना मानवते. टर्की पक्ष्यांना मात्र ते मारक ठरते. १९९६ साली नेदरलँड्समध्ये शेकडो मांजरांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. तपास केला, तेव्हा त्यांच्या तयार खाद्यात सॅलिनोमायसिन मिसळले गेल्याचे आढळून आले. कुत्र्यांनाही अशा औषधांमुळे अशक्तपणा व पक्षाघात होतो.

मेंढीची गोष्ट निराळी आहे. गुरांच्या व डुकरांच्या खाद्यात पोषणासाठी तांबे घालतात. मेंढीच्या शरीरातून तांबे सहज बाहेर पडत नाही. ते यकृतात साठत जाते. कित्येक आठवडे मेंढी धडधाकट दिसते. मग एखाद्या दिवशी ते तांबे एकदम रक्तात उतरते, रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट होते आणि मेंढी दगावते.

मग अशी खाद्ये वापरूच नयेत काय? तसे नाही. ज्याच्यासाठी ती केली आहेत, त्याला ती योग्य प्रमाणात उपकारकच असतात. मात्र प्रत्येक प्राण्याचे खाद्य निराळ्या, झाकणाच्या पिंपात ठेवावे. मापे व बादल्याही वेगळ्या असाव्यात. सांडलेले खाद्य लगेच झाडून घ्यावे. कोंबड्यांपुढील उरलेले खाद्य वाया जाते म्हणून घोड्यापुढे किंवा मेंढ्यांपुढे टाकू नये. चुकून कोणी ते खाल्लेच, तर उरलेले खाद्य ताबडतोब दूर करावे, घोड्याला चालवू किंवा पळवू नये आणि पशुवैद्यास बोलवावे. त्यास पोते व त्यावरील चिठ्ठी अवश्य दाखवावी. काय खाल्ले हे कळल्यावाचून उपचाराची दिशा ठरत नाही.

खाद्य कोणासाठी आहे आणि त्यात कोणते औषध आहे, हे त्या चिठ्ठीवर छापलेले असते. पुष्कळदा ती इंग्रजीत असते आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती वाचता येतेच असे नाही. मुलांनो, तुम्हाला मात्र ती वाचता येते. पोते घरी आले, की ते उघडण्यापूर्वी ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा. दावणीला बांधलेल्या मुक्या जनावराला आपल्यापुढे काय टाकले आहे, हे विचारता येत नाही. त्याच्या वतीने ते आपणच विचारले पाहिजे.

स्वाध्याय

१. औषधमिश्रित खाद्य ओळखणे कठीण का असते?
२. मोनेन्सिन पिलाला तारते व घोड्याला मारते, याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
३. घोड्याचे वजन ४०० किलोग्रॅम असेल, तर वरील गणित पुन्हा करून दाखवा.
४. तुमच्या घरी किंवा शेजारी असलेल्या एखाद्या खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी वाचा व तीत काय आढळले ते वर्गात सांगा.