शब्दांची आणि आकड्यांची झुंज

अटीतटीचा सामना कुणाला आवडत नाही? कबड्डीचा डाव रंगतो. दोन्ही संघांचे गुण सारखे होतात. शेवटची चढाई उरते. मग बघणारा माणूस तोंडातला विडा चावायचा विसरतो. खाडीत दोन होड्या बरोबरीने निघाल्या, तरी काठावरची माणसे उठून उभी राहतात.

अशा सामन्यांना अंगात बळ लागते. पण बसल्या जागी लढायचा सामनाही असतो. त्यात हत्यारे दोनच. एक अक्षर, दुसरे आकडा. ही दोन्ही हत्यारे आता तुमच्याही हाती आली आहेत. म्हणून त्या सामन्याची ही माहिती.

हा खेळ कुठला?

फ्रान्स देशात १९६५ साली टीव्हीवर एक खेळ सुरू झाला. दिलेल्या अक्षरांतून सर्वांत लांब शब्द करायचा, असा तो खेळ होता. १९७२ पासून तो 'आकडे आणि अक्षरे' या अर्थाच्या नावाने दिसू लागला. इंग्लंडच्या लोकांनी तो पाहिला आणि उचलला. २ नोव्हेंबर १९८२ या दिवशी तिथे 'चॅनेल फोर' नावाची नवी टीव्ही वाहिनी सुरू झाली. तिचा पहिलावहिला कार्यक्रम हाच होता. त्याचे तिथले नाव 'काउंटडाउन'. म्हणजे उलटी मोजणी. फ्रान्समधला खेळ २०२४ साली बंद झाला. इंग्लंडमधला मात्र चाळीस वर्षांवर चालला आहे.

यात खेळणारे दोघेच. मागे भिंतीवर एक मोठे घड्याळ. प्रत्येक डावाला वेळ फक्त ३० सेकंद. तीस सेकंद म्हणजे किती? सावकाश एक ते तीस मोजा. तेवढाच वेळ.

खेळाचे नियम

डाव तीन प्रकारचे असतात.

पहिला डाव शब्दांचा. नऊ अक्षरे मिळतात. त्यांतून जमेल तेवढा लांब शब्द करायचा. प्रत्येक अक्षर एकदाच वापरायचे. ज्याचा शब्द लांब, त्याला गुण. सहा अक्षरांना सहा गुण, सात अक्षरांना सात. दोघांचे शब्द सारख्याच लांबीचे असले, तर दोघांनाही गुण. शब्द खरा की खोटा, हे बघायला शब्दकोश घेऊन माणसे बसलेली असतात. तिथे वाद चालत नाही.

दुसरा डाव आकड्यांचा. सहा आकडे मिळतात. त्यांतून तीन अंकी एक आकडा जुळवायचा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, काहीही करा. पण प्रत्येक आकडा एकदाच घ्या. सगळे आकडे वापरलेच पाहिजेत असे नाही. नेमका आकडा जुळला तर १० गुण. पाचच्या आत चुकला तर ७. सहा ते दहाच्या आत चुकला तर ५. मात्र जो जास्त जवळ जातो, त्यालाच गुण मिळतात. मागे राहणाऱ्याला काही नाही.

तिसरा डाव शेवटचा. एका शब्दाची अक्षरे उलटसुलट करून मांडतात. जो आधी ओळखेल त्याला १० गुण. ज्याने घाईने चुकीचे उत्तर दिले, त्याला त्या डावात पुन्हा बोलता येत नाही. शेवटच्या डावाआधी दोघांत दहा गुणांचे किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर सारा सामना या एका शब्दावर येऊन ठेपतो. त्यानंतरही बरोबरी झाली, तर आणखी एक उलटसुलट शब्द देतात.

हाच खेळ दाभोळात मांडू

आपली अक्षरे वेगळी. म्हणून नियम थोडे बदलू. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हवे तिथे द्यावे. जोडाक्षर आले तर त्याची दोन अक्षरे धरावी.

समजा, दाभोळात रात्रीच्या वर्गात हा सामना लागला आहे. एका बाजूला मासळी विकणारी काकी. ती यंदाच लिहायला शिकली. दुसऱ्या बाजूला तिचा पुतण्या. तो शाळेत गेलेला, हाताने चपळ. वर्गाच्या बाई फळ्यावर नऊ अक्षरे लिहितात:

न, ग, र, म, स, ळ, प, क, व

तुम्हीही इथे थांबा. पाटीवर शब्द लिहून बघा. नगर, कमळ, सागर हे तीन अक्षरांचे झाले. पावसाळी, कामगार हे चार अक्षरांचे. यापुढे जाता येते का?

वेळ संपली. पुतण्या म्हणाला, "नगरसेवक. सहा अक्षरं!"

काकी हसली. म्हणाली, "तुझा नगरातला. माझा गावातला. ग्रामसेवक!"

बाईंनी मोजून पाहिले. ग आणि र मिळून ग्र झाला. पुढे म, स, व, क. सहाच अक्षरे. दोघांनाही सहा-सहा गुण.

आता आकड्यांचा डाव. मिळालेले आकडे असे: १००, ५०, ७, ६, ३, २. जुळवायचा आकडा ६५९.

पुतण्याने भराभर मांडले. शंभर गुणिले सहा, सहाशे. त्यात पन्नास, साडेसहाशे. त्यात सात, सहाशे सत्तावन्न. त्यात तीन मिळवून ६६०. "एकाचाच तर फरक!" म्हणून त्याने खडू खाली ठेवला.

काकीनेही ६५७ पर्यंत तीच वाट धरली होती. मग ती थांबली. किती कमी पडतात? दोन. जवळ दोन आहेत का? आहेत. झाले ६५९.

काकीला १० गुण मिळाले. पुतण्याला शून्य. आता काकी १६, पुतण्या ६. बरोबर दहाचे अंतर.

पुतण्या कुरकुरला, "काकी, एकानं काय बिघडतं गं?"

"लिलावात पाटीमागे एक रुपया चुकला, तर दिवसाला किती पाट्या जातात ते मोज," काकी म्हणाली. "मग सांग काय बिघडतं."

शेवटचा डाव. बाईंनी अक्षरे मांडली: र्णि, र, मा, ळी, पौ, ना. पुतण्याचा हात लगेच वर गेला. "नारळीपौर्णिमा!" दर्याकाठच्या पोराला हा सण ओळखायला वेळ लागेल कशाला? दहा गुण. सोळा आणि सोळा. बरोबरी!

वर्ग उठून उभा राहिला. बाईंनी आणखी एक शब्द मांडला: व, हि, ही, ब, शे. या वेळी काकीचा हात आधी वर गेला. ही वस्तू ती रोज हाताळते. साक्षर झाल्यापासून तर तिच्यात स्वतःच लिहिते. तो शब्द कोणता? तो तुम्हीच लावायचा आहे.

काकी आकड्यांत कच्ची नव्हती

या सामन्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. काकीला लिहिता येत नव्हते, तेव्हाही तिचा हिशेब पक्का होता. आपल्याकडे जुनी माणसे पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, औटकी तोंडपाठ म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आठ औट अठ्ठावीस, हे सांगायला कागद लागत नसे. बाजारात भाव बोलता बोलता डोक्यात गुणाकार होई.

मग लिहायला शिकून काय मिळाले? तोंडचा हिशेब बोलणाऱ्यापाशी राहतो. उद्या कुणी नाही म्हटले, की दाखवायला काही नसते. लिहिलेला हिशेब समोर मांडता येतो. तो दुसऱ्याला तपासता येतो. त्यातली चूक सापडते. आणि समोरच्याने लिहिलेला कागद आपल्यालाही तपासता येतो. पावतीवर ६६० लिहिले आहेत की ६५९, हे आता कुणाला विचारावे लागत नाही.

लांबची वाट

सराव झाला की माणूस कुठवर जातो, याचे एक उदाहरण इंग्लंडच्या त्या कार्यक्रमात घडले. साल १९९७. आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. जुळवायचे होते ९५२. एका खेळाडूने काय केले, ते पाटीवर मांडून बघा.

१०० अधिक ६ = १०६
१०६ गुणिले ३ = ३१८
३१८ गुणिले ७५ = २३,८५०
२३,८५० वजा ५० = २३,८००
२३,८०० भागिले २५ = ९५२

जायचे हजाराच्या आत, आणि हा गेला तेवीस हजारांवर! तिथून भागाकार करून नेमका खाली उतरला. तेही तीस सेकंदांत. ऐकणारे थक्क झाले. हे पुष्कळ दिवसांच्या सरावाचे फळ. तुम्हाला पाटीवर अर्धा तास लागला तरी हरकत नाही. उत्तर तेच येते.

आपल्या तालुक्यातली बरोबरी

तुम्ही म्हणाल, हे साहेबाच्या देशातले खेळ. आपला माणूस तिथे कसा टिकणार? तर ऐका. टीव्ही नव्हता त्या काळी, त्याच देशात, आकड्यांच्याच सामन्यात आपल्या दापोली तालुक्यातला एक तरुण उतरला होता.

दाभोळ दापोली तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात आंजर्ल्याजवळ मुर्डी हे छोटे गाव आहे. तिथे १८७६ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. जवळच्या मुरुड गावचे धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नातलग. पुढे महर्षी म्हणून जे नावाजले, तेच हे कर्वे. त्यांनी रघुनाथरावांच्या शिक्षणाला हातभार लावला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून रघुनाथराव इंग्लंडला केंब्रिजला गेले.

केंब्रिजची गणिताची परीक्षा फार अवघड समजली जाई. ती अनेक दिवस चाले. वरच्या वर्गात पास होणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत. त्यांची यादी गुणांच्या क्रमाने लागे. पहिला येईल तो 'सीनियर रँग्लर'. देशभर त्याचे नाव होई. १९०९ नंतर असे क्रम लावणे बंद झाले.

१८९९ साली यादी लागली. पहिल्या जागी एक नाव नव्हते. दोन होती! एक इंग्रज विद्यार्थी बर्टविसल आणि दुसरे परांजपे. दोघेही सारखे ठरले. दोघेही सीनियर रँग्लर. हा मान मिळवणारे परांजपे पहिलेच हिंदी मनुष्य. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. हिंदी माणसाची बुद्धी कमी, असे म्हणणारे लोक होते. त्यांना आकड्यांनीच उत्तर दिले.

टीव्हीच्या खेळात बरोबरी झाली की आणखी एक शब्द देऊन ती मोडतात. इथे कुणी मोडली नाही. पहिल्या जागेवर दोघे मावले.

परांजपे परत आले ते फर्ग्युसन कॉलेजातच. १९०२ साली ते तिथले प्राचार्य झाले. आकडे शिकले, ते पुढे इतरांना शिकवले.

जिंकण्यासाठी तीन गोष्टी

एक, सराव. रोज पाच शब्द लिहावे. रोज एक हिशेब मांडावा.

दोन, धीर. घड्याळ पळत असले तरी आपण पळू नये. चुकीचा हात वर करण्यापेक्षा क्षणभर थांबणे बरे.

तीन, पडताळा. उत्तर आले की उलटे मोजून पाहावे. ६५९ मधून २ काढा, ७ काढा, ५० काढा. सहाशे उरतात का? उरतात. मग खडू खाली ठेवा.

आता तुम्ही खेळा

दोघा-दोघांनी बसा. तिसऱ्याने एक ते तीस मोजावे.

१. अक्षरे: र, ख, म, ज, ळ, त, ब, स, ड. लांबात लांब शब्द करा. सहा अक्षरांचा एक शब्द यात लपला आहे. बंदरावरच्या माणसांना तो रोज दिसतो.

२. आकडे: १००, २५, ८, ५, ३, २. यांतून ५२७ जुळवा. नंतर उलटे मोजून पडताळा घ्या.

३. काकीने ओळखलेला शब्द लावा: व, हि, ही, ब, शे.

४. घरातल्या वडीलधाऱ्यांना पावकी किंवा औटकी येते का, विचारा. येत असेल तर ती म्हणायला सांगा आणि तुम्ही लिहून घ्या.

उत्तरे

१. मासळीबाजार. २. १०० गुणिले ५ = ५००; अधिक २५ = ५२५; अधिक २ = ५२७. ३. हिशेबवही.